बिअरच्या पिठातले बोंबील मऊ पडतायत? आधी ताट बघा, बाटली नंतर

मुरूड-हर्णैच्या पट्ट्यात आमची घरगुती खानावळ आहे. रव्यातली मासळी आम्ही सासूबाईंच्या काळापासून तळतो, त्यात कधी अडलं नाही. सात-आठ वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईची पोरं बिअरच्या पिठातले, म्हणजे बिअरमध्ये कालवलेल्या पिठात बुडवून तळलेले, बोंबील मागायला लागली. आम्ही ते शिकलो, आजूबाजूचे होमस्टेवालेही शिकले आणि तेव्हापासून मला एकच फोन येतोय. "वहिनी, आजपण मऊ पडले." आंजर्ल्याहून येतो, कर्द्याहून येतो, लाडघरहून येतो. फोनवर सांगून भागलं नाही की मी स्कूटर काढून जाते आणि त्यांच्याच कढईपाशी उभी राहून बघते. इतक्या स्वयंपाकघरांत बघून झाल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. लोक पहिल्यांदा बिअर बदलतात. माइल्ड होती म्हणून स्ट्राँग आणतात, स्वस्त होती म्हणून महाग आणतात. दोष तिथे क्वचितच निघतो. कवच मऊ पडतं ते पाण्याने, आणि ते पाणी कुठून येतंय हे शोधायचं असतं.

आधी लक्षणं नीट ओळखा, त्यावरून अर्धं काम होतं.

कढईतून काढताना खडखडीत असतात आणि टेबलावर जाईपर्यंत, म्हणजे पाच-सात मिनिटांत, मऊ पडतात. ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. यात तुमचं पीठ आणि बिअर दोन्ही बरोबर आहेत, गडबड काढल्यानंतरची आहे किंवा मासळीतल्या पाण्याची.

कढईतच फिकट राहतात, हातात धरले की बोटं तेलकट होतात. हे तेलाच्या आचेचं लक्षण.

कवच छान फुगतं पण घास घेतला की बोंबील आतून घसरून बाहेर येतो आणि हातात रिकामी नळी राहते. पीठ मासळीला धरलेलंच नाही. पाणी किंवा वाटण मध्ये आलंय.

कवच जाड, चिवट, पावासारखं लागतं. पीठ जास्त फेटलंय, नाहीतर बिअरमधला वायू गेलाय.

बाहेरून पटकन लालसर-काळपट होतात, आत कच्चे राहतात. जुनं तेल, नाहीतर पिठात खायचा सोडा.

कडवट किंवा वासट लागतात. इथे मात्र बिअरकडे बघायचं.

तपासायला लागायच्या आधी बिअर पिठात नेमकं काय करते ते समजून घ्या, म्हणजे पुढची एकेक पायरी का आहे ते कळेल. ही पद्धत मूळची इंग्लंडातली, तिथे कॉड, हॅडॉक असे घट्ट मांसाचे मासे असे तळतात. बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. थंड द्रवात तो जास्त टिकतो आणि गरम तेलात पडला की एकदम सुटतो, त्याचे बुडबुडे कवचात जाळी धरतात. बिअरचा फेस सोडा वॉटरच्या फेसासारखा लगेच बसत नाही, कारण त्याला बार्लीतली प्रथिनं आणि हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली) कडू द्रव्यं धरून ठेवतात. तिसरी गोष्ट म्हणजे अल्कोहोल. ते ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० अंशांना. म्हणून कवच जरा लवकर सुकतं. शिवाय अल्कोहोलमुळे मैद्याला चिवटपणा थोडा कमी येतो. बिअर एवढंच देते. मासळीतलं पाणी काही ती शोषून घेत नाही. आणि आपला बोंबील म्हणजे दहा भागांतले साडेआठ-नऊ भाग पाणीच. कॉडसाठी बसवलेली रीत बोंबलावर जशीच्या तशी लावली की फसते ती इथे.

ताट (खर्च शून्य)

तळलेले बोंबील तुम्ही कशावर काढता? नव्वद टक्के घरांत उत्तर येतं, स्टीलच्या ताटात, नाहीतर वर्तमानपत्रावर, आणि गरम राहावेत म्हणून वर झाकण. एकदा हे करून बघा. गरम बोंबील स्टीलच्या ताटात ठेवा आणि दोन मिनिटांनी उचला. खाली ताटावर बोंबलाच्याच आकाराचा धुक्यासारखा डाग दिसेल, त्यात बोट फिरवलं तर ओलं लागेल. वरच्या बाजूला नख मारलं तर टकटक वाजतं, खालच्या बाजूला नख रुततं. आतली वाफ बाहेर पडत होती, तिला ताटाने अडवलं आणि ती परत कवचात मुरली. झाकण ठेवलंत तर दोन्ही बाजूंनी तेच होतं. हॉटपॉट तर सगळ्यात वाईट.

जाळी वापरा. केक गार करायची तारेची जाळी मिळते. ती नसेल तर पापड भाजायची जाळी दोन वाट्यांवर टेकवा, नाहीतर सुपावर बांबूची चटई टाका. खालून वारा लागला पाहिजे एवढंच. एकावर एक रचू नका. वर्तमानपत्र तर काढूनच टाका, त्याची शाई तेलात उतरते आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही खाद्यपदार्थांसाठी ते वापरू नका असं सांगितलंय. मीठ-मसाला भुरभुरायचा तर वाढायच्या क्षणी.

मला आलेल्या फोनांपैकी निम्मे एवढ्यावर मिटतात. म्हणून ही पायरी पहिली. पैसा लागत नाही आणि उत्तर पाच मिनिटांत मिळतं. जाळीवर ठेवलेला एक आणि ताटातला एक, दोन्ही दहा मिनिटांनी खाऊन बघा.

मासळीतलं पाणी

इथे घाई करू नका. बोंबलाचं डोकं-पर काढा, पोटाकडून उभा चिरा, मधला काटा काढा आणि पुस्तकासारखा उघडा. आमच्याकडे जुनी रीत अशी की पाट तिरका ठेवायचा, त्यावर सुती फडकं, फडक्यावर उघडलेले बोंबील शेजारी शेजारी, वर दुसरं फडकं आणि त्यावर पाटा-वरवंट्यातला पाटा. अर्धा ते पाऊण तास. फडकं पिळलं तर धार लागते. हे पाणी निघालं नसतं तर सगळं कढईत वाफ होऊन कवचात आलं असतं. पाटा नसेल तर दुसरा पाट आणि त्यावर पाण्याने भरलेली कळशी. फार वजन नको, बोंबील चिंधडून जाईल. उकाड्याच्या दिवसांत हे बाहेर करू नका. ताटात घालून वर वजन ठेवा आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सरकवा.

दुसरी अडचण वाटणाची. आपल्याला सवय आहे आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं ओलं वाटण आणि वर आगळ (कोकमाचा रस) चोळायची. रव्याला ते चालतं, कारण रवा ओल पिऊन घेतो आणि तव्यावर सुकतो. बिअरच्या पिठाखाली तेच वाटण म्हणजे भिंत आणि गिलावा यांच्यामध्ये शेवाळं. कवच धरत नाही. त्यामुळे या प्रकारात वाटण नको. हळद, लाल तिखट, मीठ आणि आंबटपणा हवाच असेल तर लिंबाचे चार थेंब. दहा मिनिटं ठेवा. मीठ आणखी पाणी सोडवेल, ते कोरड्या फडक्याने टिपा. मग तांदळाचं कोरडं पीठ दोन्ही बाजूंनी भुरभुरा, जास्तीचं झटकून टाका आणि लगेच बिअरच्या पिठात बुडवा. हे कोरडं पीठ गोंदाचं काम करतं. बोंबील रिकाम्या नळीतून घसरत असेल तर कारण बहुतेक हेच निघतं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत आणि पुढेही काही आठवडे पुष्कळ जण गोठवलेली मासळी वापरतात आणि मला येणारे फोन तेव्हा दुप्पट होतात. गोठवलेला मासा सुटताना ताज्यापेक्षा जास्त पाणी टाकतो. तो बादलीतल्या पाण्यात भिजवून सोडवलात तर आणखी पाणी पितो. आदल्या रात्री फ्रीजमध्ये चाळणीत ठेवा, खाली ताट. सकाळी दाबा, टिपा. खरं सांगायचं तर गोठवलेला बोंबील मी या प्रकारात घेतच नाही. त्या दिवसांत मी चिकन किंवा कांद्याच्या चकत्या तळते.

कुठली मासळी घ्यायची, हेही सांगते. सुरमई-रावसाचे काटे काढलेले, बोटाएवढे तुकडे उत्तम. सोललेली मोठी कोळंबी, माकुलाच्या (स्क्विडच्या) चकत्या छान. मांदेली नको, एवढ्याशा माशावर कवचच जड होतं, तिला रवाच बरा. पापलेट कृपा करून यात घालू नका. त्याची चव त्याच्या कातडीत आणि काट्यालगत आहे, ती पिठात झाकून काय मिळवणार? हर्णैच्या लिलावातून संध्याकाळी आणलेलं पापलेट मीठ-हळदीवर तव्यावर परता आणि तसंच खा.

बिअरमध्ये जीव आहे का

आता बाटलीकडे या. पण बिअर बदलण्याआधी दहा-वीस रुपयांची एक चाचणी करा. अर्धं पीठ बिअरमध्ये कालवा, अर्धं तितक्याच थंड साध्या सोड्यात. गोटी सोडा मिळाला तर तोच घ्या, त्याला गॅस चांगला असतो. एकाच कढईत, एकाच आचेवर, एकाच माशाचे दोन तुकडे तळा आणि जाळीवर ठेवा. दोन्ही मऊ पडले तर बिअर निर्दोष आहे, वरच्या नाहीतर खालच्या पायऱ्यांकडे जा. सोड्याचा खडखडीत राहिला आणि बिअरचा मऊ पडला, तरच बिअरवर संशय घ्या. या एका चाचणीने लोकांचे बाटल्यांवर जाणारे पैसे वाचलेत.

बिअरची पारख ग्लासात करा. थोडी ओतली की फेस उठला पाहिजे, आणि तळापासून बुडबुड्यांच्या बारीक माळा वर येत राहिल्या पाहिजेत. मात्र ग्लास नीट घासलेला हवा. तेलाचा अंश असला की बिअरचा फेस लगेच मरतो आणि मासळी तळणाऱ्या स्वयंपाकघरात तेलाचा हात लागला नाही असा ग्लास शोधावाच लागतो. एकदा कर्द्याला आम्ही दोन बाटल्या शिळ्या म्हणून बाजूला ठेवल्या होत्या. दोष ग्लासांचा होता. गरम पाणी आणि साबणाने धुऊन, उलटे ठेवून सुकवले, आणि तीच बिअर ग्लासभर फेसाळली. पाहुण्यांची "बिअर बसलेली आहे" ही तक्रारही बरेचदा याच कारणाने येते.

काल उघडलेली बाटली झाकण लावून ठेवली होती, ती चालेल का? नाही. वायू गेला, आता ते कडसर पाणी आहे. पाहुण्यांच्या टेबलावरून परत आलेली अर्धी बाटली तर स्वच्छतेसाठीच नको. पिठासाठी पाइंट आणा, ३३० मिलिलिटरचा, तळायला सगळं तयार झाल्यावरच उघडा.

थंडी तितकीच महत्त्वाची. आपल्याकडे मे महिन्यात ओट्यावर ठेवलेली बाटली तासाभरात कोमट होते आणि कोमट बिअर पिठात ओतताच अर्धा वायू फसफसून उडतो. फ्रीजमध्ये निदान चार तास ठेवा. घाई असेल तर पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर खडे मीठ घालून त्यात बाटली बुडवा, वीस मिनिटांत गार होते. फ्रीजरमध्ये ठेवून विसरू नका. शून्याच्या दोन-तीन अंश खाली बिअर गोठते, फुगते आणि बाटली फुटते. पिठातही बर्फाचे खडे टाकू नका, ते वितळून पाणीच होणार. पिठाचं भांडं बर्फावर ठेवा.

कुठली बिअर? साधी माइल्ड लागर, ५ टक्क्यांपर्यंतची. स्ट्राँग ८ टक्क्यांपर्यंत जाते. तिने कवच बिघडत नाही, पण बऱ्याचशा स्ट्राँग बिअर गोडसर असतात, रंग लवकर धरतात, आणि आत बोंबील शिजायच्या आधी बाहेर करपट दिसायला लागतं. गव्हाची बिअर चालते. जास्त हॉप्सवाल्या कडू बिअर टाळा.

वासट लागत असेल तर बाटल्या कुठे ठेवल्यात ते बघा. बिअरमधली हॉप्सची कडू द्रव्यं उजेडाने बिघडतात आणि सडक्या गंधकासारखा वास धरतात. तपकिरी काच उजेड बराच अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच फारसा अडवत नाही. पडवीत उन्हाची तिरीप येते तिथे क्रेट रचलेले मी कितीतरी ठिकाणी पाहिलेत. पत्र्याखालच्या उष्णतेने बिअर लवकर जुनी होते, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. लेबलावरची तारीख बघा, एक घोट चाखा. प्यायला जी बरी लागत नाही ती पिठातही लागणार नाही.

कडवटपणाचं आणखी एक. काही जण हीच बिअर रश्शात ओततात आणि आटवतात. पाणी उडतं, अल्कोहोल बरंचसं उडतं, कडू द्रव्यं मात्र तिथेच राहतात आणि दाट होतात. तिसऱ्या शिजवताना अर्धी वाटी बिअर, ठेचलेला लसूण, मिरची, वर झाकण, शिंपले उघडले की गॅस बंद, एवढं करा. ते फार सुंदर लागतं. अर्धा तास उकळलेला बिअरचा रस्सा मात्र नारळाच्या दुधानेही सुधारत नाही.

आणि हे विसरू नका. तळताना सगळं अल्कोहोल उडतं ही समजूत चुकीची आहे. पंधरा मिनिटं मंद शिजवलेल्या पदार्थातही घातलेल्या अल्कोहोलपैकी ४० टक्क्यांच्या आसपास उरतं असं अमेरिकेच्या कृषी खात्याचे तक्ते सांगतात. बोंबील तर तीन-चार मिनिटंच तळला जातो. तो उरलेला अंश थोडा असला तरी असतो. आमच्याकडे मुलं येतात, गरोदर बायका येतात, दाभोळ-बाणकोटकडची मुसलमान कुटुंबं येतात, दारू सोडलेली माणसं येतात. प्रत्येकाला ताट वाढायच्या आधी सांगायचं. त्यांच्यासाठी सोड्याचं पीठ, वेगळं भांडं, वेगळी कढई, वेगळं तेल. सोड्याचं कवच जेमतेम उणं असतं, कुणाला फरक कळतही नाही.

पीठ

माझं माप: एका पाइंटला पाव किलो पीठ, त्यात निम्मा मैदा, निम्मं तांदळाचं. मैदा धरून ठेवतो, तांदूळ खडखडीत ठेवतो. नुसता मैदा घेतलात तर कवच चिवट होतं, नुसत्या तांदळाचं घेतलंत तर झडतं. बेसन घातलं की ती माशाची भजी, चांगलीच लागतात, पण तो पदार्थ वेगळा. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर पीठ दमट होतं, मुठीत दाबलं की लाडू वळतो. मग कढईत मंद आचेवर कोरडं शेकून पूर्ण गार करा.

सगळी बिअर एकदम ओतू नका, थोडी हाताशी ठेवा. बोट बुडवून उचललं की पिठाचा पातळ थर बोटावर राहिला पाहिजे आणि टोकावरून धार तुटत तुटत पडली पाहिजे. चमच्याने दहा-बारा वेळा ढवळलंत की थांबा. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. फेटत बसलात तर दोन नुकसानं होतात: वायू उडतो आणि मैद्याला ताण येतो. हॅंडमिक्सीने गुळगुळीत केलेलं पीठ बघायला देखणं असतं आणि त्याचं कवच चामड्यासारखं निघतं. कालवलेलं पीठ पंधरा मिनिटांपलीकडे ठेवू नका. मोठा ग्रुप असेल तर पीठ तीनदा कालवा, एकदाच मोठं पातेलं भरून ठेवू नका.

खायचा सोडा घालू नका. बिअरचा वायू पुरेसा असतो. सोड्याने कवच जास्त तेल पितं, भराभर काळवंडतं, आणि पिठात किंवा मासळीला हळद असेल तर लालभडक ठिपके उठतात. ते बघून पाहुणे रंग घातलाय का विचारतात.

तेल आणि आच

तेल १८० अंशांच्या आसपास हवं. १६० च्या खाली गेलं की कवच धरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात ते तेल पितं. १९० च्या वर गेलं की बाहेर करपतं. तळणीचा थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो आणि एका हंगामात त्याचे पैसे वसूल होतात. तो नसेल तर पिठाचा थेंब टाका. थेंब अर्ध्यापर्यंत बुडून लगेच वर आला तर बरोबर. तळाशी बसला तर थंड, पृष्ठभागावरच तडतडून लाल झाला तर जास्त गरम.

कढईत दीड लिटर तेल असेल तर एका वेळी तीन, फार तर चार बोंबील. शेपटीला धरून हळूच सोडा, अर्धा बुडाल्यावर दोन-तीन सेकंद तसाच धरा, कवच जरा धरू द्या, मग पूर्ण सोडा. म्हणजे तळाला चिकटत नाही. बुडबुडे सुरुवातीला जोरात येतात, मग मंदावतात. मंदावले म्हणजे पाणी संपत आलंय, तेव्हा काढायचं. रंगावर जाऊ नका, बुडबुड्यांकडे बघा. एक घाणा काढला की तेल परत तापू द्या, पडलेले पिठाचे कण झाऱ्याने उचला.

तेल जुनं झालं की ते फेसाळतं, काळं-चिकट होतं, नेहमीपेक्षा आधी धुरावतं. अशा तेलात काहीही केलंत तरी बोंबील तेलकटच निघणार. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या घातक ध्रुवीय घटकांना (पोलर कंपाउंड्सना) २५ टक्क्यांची मर्यादा कायद्याने १ जुलै २०१८ पासून घातलेली आहे. ते मोजायच्या पट्ट्या मिळतात, व्यवसाय असेल तर ठेवा. मासळी तळलेलं तेल मी दोन दिवसांवर नेत नाही. घाण्याचं खोबरेल चवीला कितीही छान असलं तरी या तळणीला नको, ते लवकर धुरावतं. रिफाइंड शेंगदाणा किंवा राइस ब्रान घ्या. तेल बदलणं खर्चाचं आहे, म्हणून ही पायरी एवढ्या उशिरा ठेवली.

शेगडी आणि फ्रीज: इथे हात आखडा

वरचं सगळं करूनही जमत नसेल तर दोष यंत्रात असतो. तुम्ही काय करायचं आणि कुठे थांबायचं ते सांगते.

शेगडी बंद आणि पूर्ण गार असताना बर्नर काढा, भोकं ब्रशने साफ करा, सुकवा, परत बसवा. ज्योत निळी आणि सरळ हवी. पिवळी पडत असेल, हेलकावत असेल, भांड्याला काजळी धरत असेल आणि बर्नर साफ करूनही तसंच असेल, तर थांबा. रेग्युलेटर, नळी, जेट यांना हात लावू नका, कारागीर बोलवा. व्यवसायासाठी व्यावसायिक सिलिंडरच लागतो, बहुतेक ठिकाणी १९ किलोचा, घरगुती १४.२ किलोचा चालवणं बेकायदा आहे. गॅसचा वास आला तर काहीही तपासत बसू नका. ज्योत विझवा, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी टाकू नका. हात पोचत असेल तर गॅस बंद, वर घट्ट झाकण, आणि कढई हलवायची नाही. आग विझत नसेल तर माणसं बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा. गरम तेलाजवळ बाटली तिरकी करून बिअर ओतणंही कटाक्षाने टाळा.

फ्रीज गार करतोय का हे बघायला पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून तो रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा. सकाळी ४-५ अंश हवं. जास्त असेल तर दाराच्या रबरात नोट धरून दार लावा, नोट सहज ओढली गेली तर रबर सैल आहे. प्लग काढून मागच्या जाळीवरची धूळ झाडा. खाऱ्या वाऱ्याने आपल्याकडे मागचे पाइप गंजतात. तिथे गंज दिसला, कॉम्प्रेसर सतत चालू राहत असेल किंवा फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर प्लग काढा आणि मेकॅनिक येईपर्यंत लावू नका. गॅस भरणं हे घरी करायचं काम नाही.

या जानेवारीत लाडघरच्या एका ताईंकडे गेले होते. जाळी होती, बोंबील दाबलेले होते, बिअर बर्फासारखी, पीठ बरोबर. तेल १८० वर आणलं, तीन बोंबील सोडले आणि थर्मामीटर १४० वर आला. परत १८० व्हायला सात मिनिटं लागली. तीन शेगड्या एकाच रेग्युलेटरवर चालवल्या होत्या. बाकीच्या दोन बंद केल्या तर ज्योत जरा वाढली, पण निळी काही झाली नाही. मी तिथेच थांबवलं. "ताई, आज रव्यात तळा, हे आपल्या हातचं नाही," म्हटलं. दुसऱ्या दिवशी दापोलीहून कारागीर आला, त्याने नळी तडकलेली दाखवली, नळी आणि रेग्युलेटर दोन्ही बदलले, जेट साफ केले. संध्याकाळी त्यांनी फोन कानाला न लावता जाळीपाशी धरला आणि बोंबलावर नख वाजवून दाखवलं.